तेरेखोलला जायचा कौल

अमरावतीला परत आल्यापासून जो भेटतो तो डोळे मिचकावून विचारतो, "काय मग, गोवा?" त्यांना वाटतं आम्ही समुद्रकाठी गॉगल लावून लोळलो असू. मी खरं सांगितलं की कोणाचाच विश्वास बसत नाही. गोव्यात जाऊन आम्ही पेज प्यालो, दुपारी झोपलो, एक धरण पाहिलं जे आम्हाला पाहायचंच नव्हतं, आणि भाड्याच्या गाडीसाठी देवाला तीन प्रश्न विचारले. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

माझ्या सासूबाईंच्या लेखी गोवा हा अजूनही परदेशच. त्यांच्या तरुणपणी तिथे पोर्तुगीज होते आणि ते गेल्याची बातमी त्यांनी फारशी मनावर घेतलेली नाही. निघताना त्यांनी विचारलं, "तिकडे आपले पैसे चालतात ना?" आणि मी गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणार हे कळल्यावर त्यांनी देवासमोर दिवा लावला. तो माझ्यासाठी नव्हता, त्यांच्या मुलासाठी होता.

या सगळ्याच्या मुळाशी होती सुलभा. बी.एड.ला पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती सावंतवाडीची, मी अमरावतीची. पुढे ती डिचोलीजवळच्या सर्वण गावात सून म्हणून गेली आणि मी जिथली तिथेच राहिले. त्यानंतर आमच्या भेटी झाल्या त्या लग्नाकार्यात, हातात जेवणाचं ताट आणि मागे कोणीतरी हाका मारतंय अशा. एकही गोष्ट शेवटपर्यंत गेली नाही. गेल्या दिवाळीत ती फोनवर म्हणाली, "शोभे, एक दिवस ये गो. आपण दोघीच गाडीत बसू आणि तेरेखोलला जाऊ. तिथे काय आहे ते मला ठाऊक नाही. मला फक्त जायचंय."

सर्वणपासून तेरेखोल, गोव्याच्या उत्तर टोकाचा नदीपलीकडचा किल्ला, काही काशीरामेश्वर नाही. सकाळी निघालं तर दुपारी घरी परत. पण सुलूचा नवरा मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. सासूबाईंचं लांबलेलं आजारपण तिनेच काढलं, मग म्हशी, मग नारळ, मग देवळातली पाळी, आणि घरात सासरे. इतकी वर्षं शेजारच्याच तालुक्यात राहून तिने तेरेखोल फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. एक दिवस आणि दोघीच, एवढीच तिची मागणी होती. मी पन्नाशीनंतर लायसन काढलेली बाई. मी म्हटलं, हे तर करायचंच.

आमचे हे मात्र बरोबर आलेच. "दोघीच म्हणजे दोघीच," मी बजावलं होतं. "मी कुठे म्हणतो मला तेरेखोलला न्या?" हे म्हणाले. "मी घरी पेपर वाचत बसेन." माणसाने बोलावं आणि बायकोने विश्वास ठेवावा, तसा मी ठेवला.

मोपा

नागपूरहून विमान थेट पेडण्यातल्या मोपाला उतरतं. गाडी देणारा रूपेश बाहेर उभा होता, छोटी पांढरी गाडी घेऊन. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि त्यावर पिवळे आकडे असतात. ही पाटी पाहिली की गोव्यातली माणसं रस्त्याच्या कडेला सरकतात हे मला नंतर कळलं. आमच्याकडे वळू सुटला की सरकतात तशी.

रूपेशने आधी फोन काढला आणि गाडीभोवती प्रदक्षिणा घालत एकेक ओरखड्याचा व्हिडिओ घेतला. ह्यांनी लगेच स्वतःचा फोन काढला आणि व्हिडिओ घेणाऱ्या रूपेशचा व्हिडिओ घेतला. पुरावा असावा म्हणून. अशी दोघांची एकामागून एक वरात गाडीभोवती चालली होती आणि मी बॅगा घेऊन उन्हात उभी.

"मॅडम, एकूच गजाल सांगतां," रूपेश म्हणाला. "गाडी रेंवेर घालूं नाका. बीचार सगळे घालतात आनी मागीर म्हाका फोन करतात."

"आम्ही बीचवर जाणारच नाही," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "मागीर गोंयांत कितें करतली?"

"मैत्रिणीकडे सर्वणला."

"सर्वण?" त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. त्याच्या धंद्यात आजवर काळ्या पाटीची गाडी घेऊन कोणी सर्वणला गेलं नसावं. त्याने पुन्हा एकदा व्हिडिओ घेतला.

ह्यांना मी शेजारी बसू द्यायला तयार नव्हते. आमचे हे शेजारी बसले की गाडीला दोन ब्रेक असतात. एक माझ्या पायाखाली आणि एक ह्यांच्या, जो फक्त ह्यांनाच दिसतो. कोपऱ्यावर हे इतक्या जोराने पाय दाबतात की एकदा चप्पल तुटली होती. म्हणून मी ह्यांना मागे बसवलं. तर मागून आवाज यायला लागला, "ट्रक आहे. ट्रक आहे. ट्रक गेला." अस्नोड्यापर्यंत आम्ही असं समालोचन ऐकत आलो.

रस्ता मात्र असा की बोलणारा नवरासुद्धा गोड वाटावा. कार्तिकाचे दिवस, भाताची कापणी झालेली, कडेला ओली हिरवळ अजून शाबूत. आमच्याकडे या दिवसांत कपाशी फुटते आणि सगळीकडे नुसता पांढरा रंग. इथे एकेका वळणावर माड, पोफळी, मध्येच एखादं लाल कौलांचं घर आणि त्याच्यापुढे तुळस. डिचोलीत पोचलो तेव्हा दुपार चढली होती आणि मला सुलूसाठी मिठाई घ्यायची होती. बाजारात चिटपाखरू नव्हतं. एकजात सगळी दुकानं बंद.

"दंगल झाली का?" हे हळूच म्हणाले.

एका बंद दारासमोर बसलेल्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "दंगल कसली? न्हिदल्यात सगळे. चार वाजले की येवा." अमरावतीतही दुपारी दुकानदार झोपतो, पण गल्ल्यावर डोकं ठेवून. दुकान बंद करून, घरी जाऊन, जेवून, उशी घेऊन झोपणं ही हिंमत आमच्यात नाही.

सर्वण

सुलू रस्त्यावर येऊन उभी होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, पण मी स्टिअरिंगमागे आहे हे पटायला लागला. तिने आधी ह्यांच्याकडे पाहून हात केला, मग काचेत डोकावली आणि ओरडली, "अगो, तूच चालवतेस?" आणि दार उघडायच्या आतच रडायला लागली. मीही रडले. हे मागून म्हणाले, "हँडब्रेक लाव आधी."

तिचे सासरे, ज्यांना सगळा गाव भाई म्हणतो, बाल्कावात म्हणजे पुढच्या ओट्यावर कदेलीत बसले होते. कदेल म्हणजे खुर्ची, पण ती इतकी जुनी आणि रुंद आहे की तिला खुर्ची म्हणणं बरं दिसत नाही. भाई ऐंशीच्या पुढचे, ताठ, पांढराशुभ्र सदरा. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तूंच चलयता?"

"हो, भाई."

"आनी हे?"

"हे मागे बसतात."

भाईंनी ह्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि शेजारची कदेल दाखवली. त्या क्षणापासून दोघांची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत.

खाण्याचं सांगायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही. सकाळी भोंगा वाजवत पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून येतो आणि उंडे देतो. उंडो म्हणजे वरून कडक, आतून मऊ पाव. त्याबरोबर पातळ भाजी. आम्ही पोटभर खाऊन हात धुतो न धुतो तोच दहाच्या सुमाराला पेज आली, उकड्या तांदळाची, बरोबर खारातली कैरी. हे म्हणाले, "जेवण लवकर करतात वाटतं इथे." जेवण नव्हतं ते. जेवण एक वाजता, हुमण म्हणजे माशांची आमटी, भात आणि तळलेला बांगडा. वऱ्हाडी माणसाला आपल्या तिखटाचा भारी तोरा असतो. ह्यांनी पहिला घास घेतला आणि हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "तिखट कुठाय?" दुसऱ्या घासाला ते नारळाच्या मागून आलं. मग हे फक्त सोलकढीची वाटी पुढे करत राहिले. आमच्याकडे ज्यात त्यात शेंगदाण्याचं कूट पडतं, यांच्याकडे खोबरं. बाकी सासुरवाशिणी दोन्हीकडे सारख्याच शेवटी जेवतात.

सुलू दिवसभर पायांवर. मी तिच्याशी बोलायला स्वयंपाकघरात गेले की ती गोठ्यात, मी गोठ्यात गेले की ती विहिरीवर. "थांब हां शोभे, हे एवढं झालं की बसतेच," असं ती म्हणायची आणि ते एवढं कधी व्हायचंच नाही. माझ्या हातात नारळ देऊन तिने मला खवणीवर बसवलं तेव्हा मला कळलं, या घरात राहून आमचं बोलणं होणार नाही. तेरेखोलला जाणं आता नुसती हौस राहिली नव्हती.

संध्याकाळी चहा पिताना तिने विषय काढला. पदर बोटाला गुंडाळत, इकडेतिकडे बघत. "भाई, उद्यां शोभा आनी हांव... म्हणजे गाडी आसाच... तेरेखोलाक वचून येवं?"

भाईंनी कप खाली ठेवला. ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "देवाक विचारूंक जाय."

मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल, आपण 'रामाची इच्छा' म्हणतो तशी. सुलूचा चेहरा बघून कळलं की तसं नव्हे. या घरात नवीन कौलं घालायची तर देवाला विचारतात, म्हैस विकायची तर देवाला विचारतात, मुलगा मस्कतला गेला तोही देवाने उजवा कौल दिला म्हणून. सूनबाई पहिल्यांदाच पुरुषमाणसाशिवाय, पाहुणीच्या हातची, तीही भाड्याची गाडी घेऊन नदीपलीकडे निघालेली. ही काही लहान गोष्ट नव्हती.

"आणि देव नाही म्हणाला तर?" मी सुलूला आत गाठून विचारलं.

"तर नाही," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला.

देवळात

सकाळी आंघोळी करून आम्ही चौघं देवळात गेलो. गुरवांनी देवाच्या मूर्तीवर, ठरलेल्या जागी, पाण्याने ओल्या केलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग सगळे हात जोडून उभे राहिले आणि गुरवांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर आपलं प्रकरण मोठ्याने मांडायचं. वकील मांडतो तसं, पण सुरात.

"बा देवा म्हाराजा! ही अमरावतीची बाय आज तुज्या पांयांकडे आयल्या!"

"व्हय म्हाराजा!" भाई आणि सुलू एकदम म्हणाले. आम्ही दचकलो.

"रेंटाची गाडी घेवन आयल्या! काळ्या पाटयेची!"

"व्हय म्हाराजा!"

"ती गाडी ती स्वता चलयता!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठा आवाज ह्यांचा होता. पहिल्या दोन खेपेला हे गप्प होते. चाल कळल्याबरोबर ह्यांनी गळा मोकळा सोडला.

"तिका नि आमच्या सुनेक, दोगींकच, तेरेखोलाक वचपाक जाय! बरें आसत जाल्यार उजवी दी म्हाराजा!"

 मी त्या पाकळीकडे अशी पाहत होते की लायसनच्या परीक्षेला आरटीओच्या साहेबाकडेही तसं पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, देवा, मी आठचा आकडा एका दमात काढला होता, चौकशी कर हवं तर.

डावी पडली.

सुलूने मान खाली घातली. हे काही बोलले नाहीत, पण ह्यांच्या न बोलण्यात पंचवीस किलोमीटरचं समालोचन होतं.  एवढ्या लांबून आले, आणि एका पाकळीने अडवलं.

पण मला तिथली रीत माहीत नव्हती. देवाने नाही म्हटलं म्हणजे प्रकरण संपत नाही. देवाला नेमकं काय पसंत नाही ते विचारायचं असतं. गुरव डोकं खाजवत म्हणाले, "दोगींकच नाका म्हणटा. हिच्या घोवाक बरोबर धाडल्यार?"

पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं. ह्यांचा उल्लेख झाला तेव्हा ह्यांनी शर्टाची बटणं नीट केली. दोघी मिळून मागितलेल्या दिवसात नवरा घुसवण्यापेक्षा डावी पडलेली बरी, असं मी मनात म्हणत होते. आणि पडली डावीच. लगेच, विचारसुद्धा न करता. खरं सांगते, मला त्या देवाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"असं कसं?" हे म्हणाले. "माझं काय चुकलं?"

"चूक ना," गुरव समजुतीने म्हणाले. "तुमी नाका म्हणूंक ना देवान. फकत पुरो न्हय म्हणलां." म्हणजे हे नकोत असं नाही, फक्त पुरेसे नाहीत.

मग गुरवांची आणि भाईंची नजरानजर झाली. भाई म्हणाले, "म्हातारपणार हांव खंय वचूं?" पण म्हणताना त्यांनी टोपी सारखी केली. तिसऱ्यांदा पाकळ्या लागल्या. भाई बरोबर गेले तर? या वेळी देवाने बराच वेळ घेतला. बाहेर कावळा ओरडला, कोणाची तरी स्कूटर येऊन गेली. आणि उजवी पाकळी अलगद खाली आली.

"व्हय म्हाराजा!" भाई म्हणाले आणि चपला घालायला निघाले.

झालं. दोघींच्या दिवसात सासरे आले. आणि सासरे निघाल्यावर ह्यांना घरी एकटं कसं ठेवणार? पेपर वाचणारा माणूस कपडे बदलून तयारच होता. सुलूने डबा भरला, चौघांचा.

केरी, पहिली

भाई पुढे बसले, वडीलधारे म्हणून. मागे हे आणि सुलू. माझी मैत्रीण माझ्या पाठीमागे, मला फक्त आरशात दिसणारी, तेही निम्मी.

तेरेखोलला जायचं तर केरीला जाऊन फेरीबोट धरायची. ह्यांनी फोनवर केरी टाकलं. फोन म्हणाला उजवीकडे, मी उजवीकडे. रस्ता झकास, झाडी दाट होत चाललेली, डोंगर जवळ येत चाललेले. मला वाटलं, समुद्र जवळ आला की डोंगर मागे पडायला हवेत. पण म्हटलं गोव्याचं काही सांगता येत नाही. भाई शांत बसले होते. कोणी दिसलं की हात करत होते आणि काळ्या पाटीच्या गाडीत भाईंना बघून लोक थांबून बघत होते.

शेवटी रस्ता संपला तिथे पाणी होतं खरं. पण समोर भिंत होती. प्रचंड धरण.

"समुद्र अडवला का यांनी?" हे म्हणाले.

"भाई," मी विचारलं, "फेरीबोट कुठेय?"

"फेरी? फेरी हांगा खंय? ही सत्तरीतली केरी. फेरीची केरी पेडण्यांत, त्या तोंकार."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

भाई जरा दुखावल्यासारखे झाले. "हांवें म्हणलें, सोयऱ्यांक पयलीं धरण पळोवपाचें आसतलें. सोयऱ्यांक कशें आडावप?"

पाहुण्याला अडवायचं नाही म्हणून हा माणूस तासभर उलट्या दिशेला मजेत हात करत बसला होता. मी आरशात पाहिलं. सुलू तोंडावर पदर दाबून हसत होती, खांदे हलत होते. तिनेही काही सांगितलं नव्हतं. "मला ठाऊक होतं गो," ती म्हणाली, "पण भाई पुढे बसलेत, मी मागून कशी बोलू?" धरणाकाठी आम्ही डबा खाल्ला, कारण भूक लागली होती आणि धरण तर आलंच होतं. ह्यांनी त्याचा व्हिडिओ घेतला.

केरी, दुसरी

परत डिचोली, अस्नोडा, पेडणे, पालये. आता रस्ता भाई सांगत होते आणि फोन मागे सुलूच्या पिशवीत उलटा पडून होता. पालयेच्या पुढे वारा बदलला. खारट, गार. मग सुरूची झाडं, आणि एकदम नदीचं रुंद तोंड, आणि पलीकडच्या टेकडीवर किल्ला. मी गाडी धक्क्याच्या वर थांबवली. मागून कोणी ब्रेकबद्दल काही बोललं नाही. सुलू खिडकीची काच खाली करून बघत होती.

फेरीबोट येत होती.  बोटीवरचा माणूस हात हलवून सांगत होता की गाडी उलटी घाला, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येईल. उतार, त्यावर ओलं शेवाळ, खाली पाणी, आणि मी मागे बघत जायचं. अमरावतीत मी राजापेठेत रिव्हर्स घेतला आहे, पण तिथे चुकलं तर भाजीवाल्याच्या गाड्यावर जातो, समुद्रात नाही.

तेवढ्यात भाईंनी पुढचं दार उघडलं आणि ते खाली उतरले. मग मागचं दार उघडून ह्यांना म्हणाले, "देंवा," म्हणजे उतरा.

"का?" हे म्हणाले.

"देंवा म्हणटां न्हय."

हे उतरले. आम्हाला वाटलं गाडी हलकी करायला असेल. भाई धक्क्यावरच्या दगडावर जाऊन बसले आणि ह्यांना शेजारची जागा दाखवली, घरी कदेल दाखवली होती तशी.

"भाई, बोट आली," सुलू म्हणाली. "बसूंक जाय."

"तुमी दोगी वचा."

सुलूला काही उमजेना. "पण देवान तुमकां बरोबर..."

"देवाक आमी कितें विचारलां?" भाई म्हणाले. "गाडयेबरोबर भाई गेल्यार बरें काय? हांव आयलों गाडयेबरोबर. गाडी चलता ती रस्त्यार. बोटीर गाडी बसून आसता. बसून आशिल्ले गाडयेक कसलो कौल?"

"आणि पलीकडे? पलीकडे परत रस्ता आहेच की!" हे म्हणाले. ह्यांना नेमकं तेव्हाच न्यायनिष्ठ व्हायचं होतं.

भाईंनी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पलतडचें आमी विचारूंक ना. विचारूंक ना तें देव खंय सांगता? बसा तुमी."

मी त्या म्हाताऱ्याकडे पाहतच राहिले. सकाळपासून मी त्यांच्यावर मनात किती रागावले होते! त्यांनी सुलूकडे पाहिलं नाही. ते नदीकडे बघत होते. सुलू मागच्या सीटवरून उतरली, पुढे येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिने पट्टा लावला. तो लावायला तिला तीनदा प्रयत्न करावे लागले.

मी रिव्हर्स टाकला. कसा टाकला विचारू नका. बोटवाला "यो, यो, यो" करत होता, सुलू देवाचं नाव घेत होती आणि धक्क्यावरून ह्यांचा आवाज येत होता, "डावीकडे! तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!" गाडी बोटीवर चढली आणि थांबली. मी काठाकडे पाहिलं. हे दोन्ही पाय जमिनीत रोवून, दात आवळून, अख्खा धक्का दाबून धरत होते.

तेरेखोल

पाणी ओलांडायला वेळ असा लागतच नाही. पलीकडे उतरलो, चढण चढलो, आणि समुद्र दिसेल अशा जागी, एका झाडाखाली, मी गाडी लावली. समोर खाली लाटा, उजवीकडे किल्ल्याची भिंत, आणि आजूबाजूला आम्हाला हाक मारणारं एकही माणूस नाही.

आता बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं. कुठून सुरू करावं? मी म्हटलं, "सुलू, आधी किल्ला बघू की आधी बसू?"

"बसू," ती म्हणाली. "पाचच मिनिटं बसू, मग किल्ला."

तिने सीट थोडी मागे केली. खिडकीतून वारा येत होता. ती म्हणाली, "शोभे, आठवतं का गो..." आणि पुढे काहीच म्हणाली नाही. मी वळून पाहिलं तर ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात अजून पट्ट्यावर, पदर मांडीवर सुटलेला. वसतिगृहात ती अशीच झोपायची, बोलता बोलता वाक्याच्या मध्येच.

पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मग हसू आलं. मग मी काच थोडी वर केली, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. दोनशे गोष्टी बोलायच्या राहिल्या होत्या आणि त्यातली एकही तिला उठवण्याएवढी महत्त्वाची नव्हती. या बाईला भरदिवसा, कोणी हाक मारणार नाही अशा जागी झोपायला नदी ओलांडावी लागली, हे मनात आलं आणि मी तिथेच, तिच्या शेजारी, एकटी रडून घेतलं.

बोट गेली, आली, पुन्हा गेली. पलीकडच्या धक्क्यावर दोन ठिपके शेजारी शेजारी बसलेले दिसत होते. मी सावली बघून एकदा गाडी हळूच पुढे घेतली. इतकी हळू की ह्यांनाही बोलायला जागा राहिली नसती.

ऊन कलल्यावर ती दचकून उठली. "किती वेळ झोपले मी?"

"थोडाच."

तिने बाहेर पाहिलं. ऊन कुठे होतं आणि कुठे गेलं होतं ते तिला कळलं. "अगो, उठवायचं नाही का? बोलायचं होतं ना आपल्याला! किल्ला पण राहिला."

"राहू दे," मी म्हटलं. "तो कुठे जातोय?"

मग आम्ही खाली बोटीपर्यंत जाताना जे बोललो ते एवढंसंच, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

भाई धक्क्यावर उठून उभे राहिले होते. हे त्यांच्यामागे, दोघांच्या हातात सोड्याची एकेक बाटली. सुलू उतरली. तिच्या गालावर पट्ट्याचा लांबच लांब वळ उमटला होता, कानापासून हनुवटीपर्यंत, कोणालाही दिसेल असा.

"किल्लो पळयलो?" भाईंनी विचारलं.

सुलूने एकदा माझ्याकडे पाहिलं. "सगळें पळयलें, भाई."

भाईंची नजर तिच्या गालावर थांबली, थोडी जास्तच थांबली. मग त्यांनी मान वळवली आणि रिकामी बाटली दुकानात ठेवायला निघाले.

"बरें जालें," ते म्हणाले. "फुडल्या खेपेक आनीक सवकास पळय."